पोटातली एओर्टा फुगल्याची शंका असेल तर ऑपरेशनआधी काय काय बघून घ्यायचं

साठीच्या पुढचा माणूस, त्यात वर्षानुवर्षं बिडी-सिगरेट ओढलेली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुशीत किंवा कंबरेत जोरात कळ आली, तर मुतखडाच असेल म्हणून मोकळं होऊ नका, आधी एओर्टा बघून घ्या. ही मुख्य रक्तवाहिनी पोटात साधारण २ सेंमी रुंद असते, ३ च्या पुढे गेली की त्या फुगवट्याला अॅन्युरिझम म्हणतात.

सुरुवात सोनोग्राफीनेच करायची. सुई नाही, रेडिएशन नाही, आणि फुगवटा आहे की नाही ते बहुतेक वेळा तिथेच कळतं. घाई नसेल तर सकाळी उपाशीपोटी जा, गॅस असला की एओर्टा धड दिसत नाही. भिंतीच्या बाहेरून मोजलं की आतून, याने काही मिलिमीटर इकडचे तिकडे होतात, म्हणून पुढच्या वेळी शक्यतो त्याच सेंटरला, जुना रिपोर्ट घेऊनच जा, नाहीतर उगाच वाढल्यासारखं वाटतं.

पुरुषांत ५.५ आणि बायकांमध्ये ५ सेंमीच्या आसपास गेलं की ऑपरेशनचा विषय निघतो, आणि मग सीटी अँजिओ (शिरेतून डाय म्हणजे औषधी रंग देऊन काढलेला रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) लागतेच. सर्जनला नुसता आकडा पुरत नाही हो, किडनीच्या धमन्यांच्या खाली फुगवटा सुरू होईपर्यंत चांगली भिंत किती उरलीय ते बघायचं असतं, कारण स्टेंट ग्राफ्ट (मांडीच्या धमनीतून आत नेऊन बसवायची जाळीदार नळी) तिथेच पकडून बसतो आणि नेहमीच्या ग्राफ्टला निदान १० ते १५ मिमी जागा लागते. मांडीतून वर जायच्या धमन्या अरुंद किंवा फार वाकड्या नाहीत ना, तेही. म्हणून १ मिमीच्या आसपासचे पातळ कट मागा आणि फिल्मवर न थांबता सीडी घ्याच. एओर्टा नागमोडी असेल तर आडवा कट तिरका पडतो आणि खरी आहे त्यापेक्षा रुंद दिसते, त्यामुळे माप तिच्या वळणाला काटकोनात घेतलंय का हे बिनधास्त विचारा.

कॅथेटर (बारीक नळी) घालून केलेल्या अँजिओग्राफीवरून मात्र साइज ठरवू नका. भिंतीला गुठळी जमलेली असेल तर त्यात फक्त वाहतं रक्त दिसतं, आणि मोठा अॅन्युरिझमसुद्धा जवळपास नॉर्मल वाटू शकतो.

सीटीच्या डायच्या आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करा, मेटफॉर्मिन (डायबिटीसची गोळी) चालू असेल तर सांगा.

पण बीपी उतरतंय, घाम फुटलाय, चक्कर येतेय अशा वेळी रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. तिथे बेडजवळच सोनोग्राफी होते, पण त्यात फुगवटा दिसतो, फुटलाय की नाही ते खात्रीने कळत नाही, त्यामुळे 'बाहेर रक्त दिसलं नाही' एवढ्यावर पेशंटला घरी आणू नका.