आखाजीची घागर कशी भरायची, गावात आणि फ्लॅटमधे पण

आखाजी, म्हणजे आपल्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, जवळ आली की सुरत-पुण्याकडे राहणारी आपली पोरं विचारतात, काकू घागर कशी भरायची, आई होती तोवर तीच करायची. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते. प्रत्येक घरात थोडाफार फरक असतो, घरात कोणी जाणतं असेल तर आधी त्यांना विचारा आणि त्यांचंच ऐका.

आखाजी येते वैशाख शुद्ध तृतीयेला, आणि त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरून पुजतात. घागर मातीचीच आणि नवी घ्या, बाजारात बोटाने टकटक करून बघा, खणखणीत वाजली तर चांगली, भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा असतो. आदल्या दिवशी पाणी भरून ठेवायची म्हणजे गळते का ते कळतं आणि मातीचा वास पण जातो. सोबत तोंडावर बसेल असं मातीचं छोटं भांडं, एक डांगर (तिकडे खरबूज म्हणून मागा), दोन आंबे आणि दोन सांजोऱ्या (रव्याचं गोड सारण भरलेल्या तळलेल्या पुऱ्या) लागतात.

सकाळी आंघोळ झाली की जागा पुसून थोडे गहू पसरा, त्यावर पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर छोटं भांडं पाणी भरून, त्यावर डांगर, आणि आंबे-सांजोऱ्या मांडायच्या. हळद-कुंकू, फूल वाहा. मग उंबरठ्याची पूजा, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. उंबरठा धुऊन घ्यायचा आणि एकेका पितराचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट ओढायचं, आजोबा, आजी, पणजोबा, आणि ज्या काकू-आत्यांचं नाव कोणी घेत नाही त्यांचं पण घ्या. नावं माहीत नसतील तर आत्ताच गावी फोन करून लिहून घ्या, कारण सांगणारी माणसं कमी होत चाललीयेत. फ्लॅटला उंबरठा नसेल तर दाराच्या चौकटीपाशी करा, चालतं.

स्वयंपाक म्हणजे पुरणपोळी, आमरस, रशी (पुरणाच्या डाळीच्या पाण्याची तिखट आमटी), भात, भजी, कुरडया. जुनी माणसं पितरांना रस दाखवल्याशिवाय आंबा तोंडात घालत नाहीत, मी पण तेच पाळते. पोळी खापरावरची (चुलीवर पालथ्या ठेवलेल्या मातीच्या भांड्यावर भाजलेली) असेल तर बघायलाच नको. पीठ वस्त्रगाळ घ्या, सैल भिजवून तेल-पाण्याचा हात लावत ताणून ताणून मळा, तार सुटली पाहिजे, इथे घाई केली तर पोळी हातावरच फाटते. पुरणाला डाळीच्या वजनाइतकाच गूळ, वेलदोडा, जायफळ. दोन पुऱ्यांमधे पुरण भरून कडा दाबायच्या, जराशी लाटायची आणि मग दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि अलगद खापरावर टाकायची. खापर मात्र मंद जाळावर हळूहळू तापवा, एकदम जाळ लावला की तडकतं. जमत नसेल तर तव्यावर लाटलेली पोळी करा, पितर काही रागवत नाहीत. डाळीचं पाणी फेकू नका, त्याचीच रशी होते.

मग आगारी, म्हणजे पितरांना निखाऱ्यावर घास देणं. गोवरीचा निखारा एका भांड्यात घ्या, त्यावर तूप सोडा आणि पानातल्या प्रत्येक पदार्थाचा घास नाव घेऊन टाका, भोवती पाणी फिरवा आणि हात जोडा. फ्लॅटमधे खिडकी उघडी ठेवा, धूर बराच होतो. हे झाल्यावरच घरच्यांनी जेवायचं.

वर्षभरात घरात कोणी गेलं असेल तर त्यांचं डेरगं (घागरीसारखंच मातीचं भांडं) वेगळं पुजतात, ते मात्र भाऊबंदांना विचारूनच करा.

घागर नंतर अडगळीत टाकू नका. आपल्याकडे या दिवसांत पारा ४० च्या वर असतो, कोणाला तरी पाण्यासकट द्या नाहीतर दारापाशी भरून ठेवा, येणारा-जाणारा पाणी पिईल. आणि लेक माहेरी आली असेल तर तिला पोळ्या करायला बसवू नका, कडुलिंबाला झोका बांधून द्या, झाडाची फांदी आणि दोर आदल्या दिवशी स्वतः ओढून बघा.