मॅग्नेटोमीटरचं नेटवर्क विणताय? या चुका टाळा

कोल्हापुरात बसून ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करायला थंडीत कुडकुडावं लागत नाही. सुपरमॅग या संकेतस्थळावर जगभरच्या मॅग्नेटोमीटरचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातले चढउतार मोजणाऱ्या उपकरणांचा, मिनिटामिनिटाचा डेटा मिळतो. पोरं तो उतरवतात, स्टेशनांच्या जोड्या लावून सहसंबंध (दोघांचे आलेख किती एकसारखे हलतात ते) काढतात, जुळलेल्या जोड्यांमध्ये नकाशावर रेघा ओढतात, हेच ते नेटवर्क, आणि सबस्टॉर्म, म्हणजे ध्रुवीय प्रकाश भडकवणारं छोटं चुंबकीय वादळ, पकडलं म्हणून मोकळी होतात. दरवर्षी तेच चित्र घेऊन कुणीतरी माझ्या दारात उभं असतं.

सगळ्यात डोकं खाणारी चूक म्हणजे डेटातली भोकं बुजवणं. उपकरण बंद पडतं, वीज जाते. त्या मिनिटांना फाइलमध्ये नुसती नवांची रांग असते. गेल्या पावसाळ्यात एका मुलाचा रात्री साडेअकराला फोन. "सर, सापडलं बघा! ऑनसेटच्या (सबस्टॉर्मच्या सुरुवातीच्या) आधी पाऊण तास दोन स्टेशनं जोडली जातात. सहसंबंध ०.९९!" मी विचारलं, "मूळ रेघ बघितलीस काय?" पलीकडं सगळं गप्प.

सकाळी भिजलेला रेनकोट दाराला अडकवून तो राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत बसला. रेघ काढली. खरी चुंबकीय रेघ करवतीसारखी दातेरी असते. ही मध्येच पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. दोन्ही स्टेशनांचा डेटा एकाच वेळी तुटला होता आणि यानं दोन्हीकडं इंटरपोलेशन मारलं होतं, म्हणजे भोकाची दोन टोकं सरळ रेघेनं जोडली होती. सहसंबंध ज्या १२८ मिनिटांच्या तुकड्यावर (खिडकीवर) काढला, त्यातली ९४ मिनिटं त्याची स्वतःची! दोन तिरक्या सरळ रेघांचा सहसंबंध अधिक एक किंवा उणे एकच येणार, त्यात सबस्टॉर्मचा काय संबंध? तोवर यानं मित्रांत पेढे वाटले होते.

मी भोक बुजवतच नाही. खिडकीत पाच-सहा मिनिटांपेक्षा जास्त डेटा गायब असेल तर तेवढ्या खिडकीपुरतं ते स्टेशन बाहेर. मग जोडण्यांची नुसती संख्याही सांगायची नाही. ६० स्टेशनांत १,७७० जोड्या होतात, ५० उरली तर १,२२५. दहा स्टेशनं झोपली की नेटवर्क 'विरळ' झालेलं दिसतं आणि कुणीतरी त्यावर सिद्धांत मांडतं. शक्य जोड्यांपैकी किती जुळल्या, ते सांगा.

दुसरी चूक: सगळ्यांना एकच उंबरठा. "०.७ च्या वर गेलं की जोडलेलं." ०.७ च का? उत्तर नसतं. एका स्टेशनाखाली कोरडा खडक, दुसऱ्याच्या शेजारी समुद्र. चुंबकीय बदलांमुळं जमिनीत उलटे वाहणारे प्रवाह दोन्हीकडं वेगळे. वर आयनोस्फिअरची (वातावरणाच्या उंचावरच्या विद्युतभारित थराची) वाहकता उन्हाप्रमाणे बदलते, म्हणजे जूनचा उंबरठा डिसेंबरला चालत नाही. डॉड्स, चॅपमन आणि येरलोव या संशोधकांनी २०१५ मध्ये सुपरमॅगवर हे काम केलं, तेव्हा प्रत्येक स्टेशनाचा उंबरठा वेगळा ठेवला, असा की प्रत्येक स्टेशन सारखाच टक्के वेळ जोडलेलं राहील. त्याला महिन्या-महिन्याचा डेटा चाळावा लागतो, लॅपटॉप रात्रभर चालू ठेवावा लागतो. ठेवा की! ज्यांना संध्याकाळपर्यंत चित्र हवं असतं त्यांनी रंकाळ्यावर जाऊन भेळ खावी.

खिडकीला वेळ कुठली लावता, तेही बघा. १२८ मिनिटांच्या खिडकीवर सुरुवातीची वेळ लिहिली तर नेटवर्क ऑनसेट दोन तास आधी ओळखतं. मग 'पूर्वसूचना' मिळाली म्हणून नाचायचं! सबस्टॉर्म भडकण्याचा (एक्सपान्शनचा) टप्पा जेमतेम अर्ध्या तासाचा असतो, त्यामुळं वेळ खिडकीच्या सुरुवातीची, मधली की शेवटची, हे मी प्रत्येक आलेखाच्या कोपऱ्यात हातानं लिहितो.

जवळच्या स्टेशनांच्या जोडण्यांवर भाळू नका. ऑरोराचा (ध्रुवीय प्रकाशाचा) विद्युत प्रवाह साधारण ११० किलोमीटर उंचीवरून जातो. खाली पन्नास-साठ किलोमीटरवरची दोन उपकरणं एकच प्रवाह बघतात, रंकाळ्याच्या दोन काठांवरून एकच फटाका दिसावा तशी. नॉर्वे-फिनलंडकडं स्टेशनांची दाटी आहे, महासागरांवर काहीच नाही. नकाशातला गडद गोळा बऱ्याचदा त्या दाटीचाच असतो.

वेळ यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेतच) ठेवा. लॅपटॉपनं गुपचूप भारतीय वेळ केली की ऑनसेट साडेपाच तास सरकतो.

भौगोलिक उत्तर आणि चुंबकीय उत्तर एका फाइलमध्ये मिसळू नका.

लॅग (एका स्टेशनामागून दुसरं किती उशिरा हलतं तो वेळ) शून्य आला तर आधी कोण, नंतर कोण हे दाखवणारा बाण काढू नका. मिनिटाच्या डेटात त्याचा अर्थ एवढाच, की फरक मिनिटाच्या आत आहे.

आणि दरवर्षी ठरलेला प्रश्न: "सर, अलिबाग घालूया का?" अलिबागचा अभिमान मलाही आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये तिकडं नेली, इतकं आपल्या लोकांना चुंबकीय गोंगाटाचं भान होतं. पण ऑरोराचा पट्टा चुंबकीय अक्षांश ६० च्या वर, आणि अलिबाग पार खाली. तिथं पृथ्वीभोवतीचा वलय-प्रवाह आणि दिवसाचा सौर चढउतार भारी पडतो. अलिबागचा आलेख वेगळ्या कागदावर काढा, शेजारी लावा. नेटवर्कात नको.