घरच्या सर्व्हरला कुठली ओएस? आधी डिस्क मोजा

बाबांच्या ४१२ कॅसेटी आहेत. १९८३ पासून वीसेक वर्षं मिरजेत जिथे गाणं असेल तिथे ते टेपरेकॉर्डर घेऊन जात. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी सभा, अंबाबाईच्या देवळातलं नवरात्राचं गाणं, गल्लीतली कीर्तनं. मी तीन वर्षं जमेल त्या रात्री एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवत होते. ६० मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाने उतरवली की साधारण ६०० एमबी भरते, फ्लॅकमध्ये (दर्जा न घालवता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात) केली की निम्म्याच्या आसपास. सगळं एकाच एक्स्टर्नल डिस्कवर होतं. एका संध्याकाळी ती डिस्क दिसेनाशी झाली. बरंचसं भावाकडे पुण्यात होतं म्हणून वाचलं, पण शेवटच्या ३८ कॅसेटी पुन्हा उतरवाव्या लागल्या आणि त्यातल्या दोन कॅसेटींची टेप तोवर तुटली होती. ते गाणं गेलं, कायमचं.

म्हणून घरात फाइल सर्व्हर बसवला, म्हणजे सगळ्या फाइली सांभाळणारा, कायम चालू असणारा कॉम्प्युटर. मी शाळेच्या ऑफिसात काम करते, कॉम्प्युटरचं शिक्षण नाही. हे लिहिते आहे ते माझ्यासारख्यांसाठी: घरात जुनं डेस्कटॉप पडलेलं आहे, फोटो, व्हिडिओ, गाणी इकडेतिकडे विखुरली आहेत, आणि ती एका जागी नीट राहावीत असं मनापासून वाटतं.

ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) कुठली, हा प्रश्न मी आता सगळ्यात शेवटी घेते. आधी कागद घ्या आणि घरातल्या डिस्क मोजा. माझ्याकडे २ टीबीच्या दोन जुन्या आणि ४ टीबीची एक नवी होती, शिवाय ओएससाठी १२० जीबीची एसएसडी. मशीन चौथ्या पिढीच्या आय-३ चं, रॅम ८ जीबी. त्याखाली आणखी एक ओळ लिहा: मी घरात नसताना हे बिघडलं तर कोण बघणार? माझ्या घरी आई आहे, आणि सुट्टीत येणारी अकरावीतली भाची. त्यावरून माझी अट ठरली. मदरबोर्ड जळाला तरी डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की गाणं वाजलं पाहिजे. या अटीवर मी एकेक ओएस घासून पाहिली.

विंडोज हातातली होती, म्हणून पहिली तीच. फोल्डर शेअर केलं की काम सुरू. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या मशीनवर चालते. चोवीस तास नेटवर्कला जोडलेल्या मशीनवर सुरक्षेचे अपडेट बंद झालेली ओएस मी ठेवणार नाही, तुम्हीही ठेवू नका.

फाइल सर्व्हरसाठीच बनवलेल्या ओएसमध्ये ट्रूनॅस ही मला सगळ्यात मजबूत वाटली. २००५ मध्ये फ्रीनॅस नावाने सुरू झालेला हा प्रकल्प, २०२० मध्ये नाव बदललं. फ्रीबीएसडी या दुसऱ्या एका ओएसवरची जुनी शाखा आता मागे पडली आहे, नवीन माणसाने लिनक्सवरचीच घ्यावी. तिचा जीव झेडएफएसमध्ये आहे, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीत (फाइल-सिस्टिममध्ये). झेडएफएस लिहिलेल्या प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज सोबत ठेवते आणि वाचताना ती जुळवून बघते. डिस्कने गुपचूप एखादा बिट बदलला तर ते कळतं, आणि दुसरी प्रत असेल तर दुरुस्तही होतं. कुणाकडे सारख्या मापाच्या दोन किंवा चार नव्या डिस्क असतील, रॅम १६ जीबी असेल, तर मी ट्रूनॅसच सुचवेन, मागेपुढे न बघता. किमान अट ८ जीबीची आहे, म्हणजे माझं मशीन उंबरठ्यावर होतं. अडचण डिस्कची झाली. २, २ आणि ४ टीबी एकत्र बांधल्या की झेडएफएस तिन्ही डिस्क २ च्या धरते, नव्या डिस्कमधले २ टीबी वाया. आणि त्यातली एकटी डिस्क काढून दुसरीकडे लावली तर काहीच वाचता येत नाही, पूर्ण संच लागतो आणि तो जोडायच्या कमांड माहीत असाव्या लागतात. भाचीला ते जमलं नसतं.

अनरेड ही अशीच दुसरी ओएस, ती विकत घ्यावी लागते. मी पाहिली तेव्हा ती पेन ड्राइव्हवरून सुरू व्हायची आणि लायसन्स त्या पेन ड्राइव्हला बांधलेलं असायचं. वेगवेगळ्या मापाच्या डिस्क ती आनंदाने घेते आणि प्रत्येक डिस्कवरच्या फाइली अखंड राहतात. म्हणजे माझ्या अटीत बसते. पैसे द्यायची तयारी असेल आणि टाइप करायचा कंटाळा असेल तर जरूर घ्या.

नुसती डेबियन किंवा उबुंटू सर्व्हर (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) हाही सरळ मार्ग आहे. जे हवं ते आपण बसवायचं, नको ते मशीनवर येतच नाही. पण सांबाची, म्हणजे नेटवर्कवर फोल्डर शेअर करणाऱ्या प्रोग्रामची, सेटिंग फाइल हाताने लिहायला लागते, आणि सहा महिन्यांनी आपणच काय लिहिलं होतं ते आठवत नाही. ज्यांना वहीत नोंदी ठेवायची सवय आहे त्यांनी हे करावं.

मी घेतली ओपनमीडियाव्हॉल्ट. फ्रीनॅसवर काम केलेल्या फोल्कर थाइले यांनी ती डेबियनवर उभी केली. माझ्याकडे सातवी आवृत्ती आहे, ती डेबियन १२ वर चालते. सगळं ब्राउझरमधून होतं, डिस्क लिनक्सच्या साध्या एक्स्ट-४ फाइल-सिस्टिममध्ये ठेवता येतात, आणि एक्स्ट-४ ची डिस्क कुठल्याही लिनक्सच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या) पेन ड्राइव्हवर उघडते. माझी अट इथे पूर्ण झाली.

बसवताना एक गोष्ट जिवापाड जपा. ही ओएस ज्या डिस्कवर बसते ती पूर्ण पुसते. म्हणून इन्स्टॉल करताना डेटाच्या सगळ्या डिस्कच्या केबली काढून ठेवा, फक्त एसएसडी जोडलेली ठेवा. पहिल्यांदा लॉगिन झाल्यावर मूळ पासवर्ड लगेच बदला, तो सगळ्या जगाला माहीत आहे. राउटरमध्ये जाऊन मशीनला कायमचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा नंबर) बांधून द्या, नाहीतर लाइट जाऊन आली की पत्ता बदलू शकतो आणि टीव्हीला सर्व्हर सापडत नाही. सेटिंग नेहमी ब्राउझरमधूनच बदला. सांबाची फाइल हाताने दुरुस्त केली तर ओपनमीडियाव्हॉल्ट पुढच्या वेळी ती स्वतःच्या नोंदींप्रमाणे पुन्हा लिहून काढते.

जुन्या डिस्क एनटीएफएसच्या, म्हणजे विंडोजच्या फाइल-सिस्टिमच्या असतील तर घाई करू नका. आधी नवी डिस्क एक्स्ट-४ करा, जुनीवरचं त्यावर आणा, पडताळा, आणखी एक प्रत दुसरीकडे आहे ना ते बघा, मगच जुनी पुसा. जुन्या डिस्कची स्मार्ट माहितीही, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, त्याआधी बघा. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग (खराब झालेल्या किंवा संशयित) सेक्टरचा आकडा शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल, तर त्या डिस्कवर बाबांचं गाणं ठेवायचं नाही.

आता देवनागरी नावांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मराठीत फाइली ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे लागणार आहे. भावाने कॅसेटच्या कव्हरवर बाबांनी लिहिलेलं जसंच्या तसं फाइलचं नाव म्हणून टाइप केलं होतं. उदाहरणार्थ, ‘१९८७ उरूस दुसरी रात्र पहाटेचं सत्र राग ललत विलंबित एकताल मग द्रुत तीनताल शेवटी भैरवी ठुमरी बाजू अ आणि ब एकत्र’. विंडोजवर हे नाव चाललं. सर्व्हरवर कॉपी करताना मात्र नाव फार मोठं आहे असं सांगून अशा १७ फाइली मागे राहिल्या. कारण असं: एनटीएफएस नावातली २५५ चिन्हं मोजते, एक्स्ट-४ मोजते २५५ बाइट. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही स्वतंत्र चिन्हं धरली जातात. ‘रात्र’ हा आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण त्यात र, काना, त, हलन्त, र अशी पाच चिन्हं आहेत, म्हणजे १५ बाइट. हिशेबाने नाव ८५ चिन्हांच्या आत बसवावं लागतं. आम्ही नावात वर्ष, जागा आणि राग एवढंच ठेवलं, आणि बाबांचा पूर्ण मजकूर त्याच फोल्डरमध्ये टेक्स्ट फाइलमध्ये. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवली नसती तर त्या १७ माझ्या लक्षातही आल्या नसत्या. तुम्ही जुळवाच.

दुसरा घोळ ‘ऱ’ चा. ‘दुसऱ्या’ असं शोधलं की काही फाइली सापडत, काही नाही, डोळ्यांना मात्र दोन्ही नावं सारखीच. ‘ऱ’ दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हं म्हणून. काही जुन्या फाइल-सिस्टिम नाव साठवताना तो तोडूनच ठेवतात, आणि ते तसंच पुढे सर्व्हरवर येतं. अशी सगळी नावं एकदा बसून पुन्हा टाइप करणं हाच मला जमलेला उपाय. वऱ्हाड, दऱ्या, पुऱ्या, हा ‘ऱ’ आपल्या फाइलींत सतत येतो.

डिस्क एकत्र दिसाव्यात म्हणून मर्जरएफएस आणि राखण म्हणून स्नॅपरेड, दोन्ही ओपनमीडियाव्हॉल्टला ओएमव्ही-एक्स्ट्राज ही जोडणी दिल्यावर प्लगइन (जादा भाग) म्हणून मिळतात. मर्जरएफएसमुळे २ टीबीच्या दोन डिस्क एकच ४ टीबीचं फोल्डर वाटतात, पण प्रत्येक फाइल कुठल्यातरी एका डिस्कवर पूर्ण असते. ४ टीबीची नवी डिस्क मी पॅरिटीला दिली, म्हणजे एखादी डिस्क गेली तर तिच्यावरचं परत काढता यावं म्हणून ठेवलेल्या हिशेबाला, कारण पॅरिटीची डिस्क डेटाच्या सगळ्यात मोठ्या डिस्कएवढी तरी असावी लागते. स्नॅपरेडचा हिशेब त्या त्या क्षणी होत नाही, सिंक चालवलं की होतो. आज टाकलेली फाइल सिंक होईपर्यंत उघड्यावर असते. म्हणून मी रोज पहाटे सिंक लावलं आहे. गाणी, फोटो अशा न बदलणाऱ्या फाइलींना हे छान जमतं. रोज बदलणाऱ्या हिशेबाच्या फाइली जास्त असतील तर मात्र झेडएफएसकडे वळा.

एवढं करूनही याला बॅकअप म्हणायचं नाही. चुकून पुसलेली फाइल सिंक झाल्यावर लक्षात आली तर, किंवा चोरी, पूर यापुढे पॅरिटी काही कामाची नाही. २०१९ चा पूर सांगली-मिरजेकडच्या कुणाला सांगायला नको. दर तिमाहीला एक डिस्क भरून भावाकडे पुण्याला जाते आणि आधीची परत येते.

टीव्हीसाठी जेलीफिन, म्हणजे सर्व्हरवरची गाणी, व्हिडिओ टीव्हीवर वाजवून देणारा प्रोग्राम. फुकट आहे, २०१८ च्या शेवटी एम्बी या तशाच प्रोग्रामपासून वेगळं झालं, अँड्रॉइड टीव्हीवर त्याचं ॲप मिळतं. टीव्ही जी फाइल स्वतः वाजवू शकतो ती सर्व्हर नुसती पोचवतो, जुन्या मशीनलाही ते जड नाही. फाइल टीव्हीला झेपत नसेल तर सर्व्हरला ती चालता चालता बदलून द्यावी लागते, आणि तिथे सीपीयूची पिढी आडवी येते. माझ्या चौथ्या पिढीच्या चिपला एच-२६४ हा जुना व्हिडिओ प्रकार हार्डवेअरवर जमतो, फोनवरचे नव्या एचईव्हीसी प्रकारचे व्हिडिओ नाही. दहा-बिट एचईव्हीसी हवं असेल तर इंटेलची सातवी पिढी किंवा पुढची बघा. टीव्हीसाठी वेगळा वापरकर्ता करा आणि त्याला फक्त वाचायची परवानगी द्या.

सर्व्हर बाहेरून उघडायला राउटरमध्ये पोर्ट उघडू नका. भाऊ पुण्याहून टेलस्केलवरून, म्हणजे फक्त आपल्या मशीनमधल्या खाजगी जोडणीवरून ऐकतो, तेवढं पुरतं.

लाइटचं बोलायचं तर आमच्याकडे ती जातेच. यूपीएस घेताना मागे यूएसबी केबलची सोय असलेला घ्या. नट नावाचं प्लगइन त्या केबलवरून बॅटरी किती उरली ते वाचतं आणि संपत आली की सर्व्हर नीट बंद करतं. लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं अशी सेटिंग बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगच्या पानावर) असते, तीही करून ठेवा. माझं मशीन साधारण ३५ वॅट खातं, महिन्याला २५ युनिट.

दिवाळीत भाची आली तेव्हा मी तिच्या हातात एक कागद आणि लिनक्सची पेन ड्राइव्ह दिली, सर्व्हर बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिने डिस्क काढली, माझ्या ऑफिसच्या जुन्या डेस्कटॉपला लावली. चाळीस मिनिटांनी आतून ललत ऐकू आला. आई उठून दारापाशी जाऊन उभी राहिली. भाचीला एकाच ठिकाणी अडलं होतं: कुठल्या डिस्कवर काय, ते वर लिहिलेलं नव्हतं. आता तिन्ही डिस्कवर पांढरी पट्टी लावून मार्करने लिहिलं आहे, आणि तेच नंबर कागदावर आहेत.