पोटातलं पाणी लॅबमध्ये येण्याआधी

अंडाशयाच्या कर्करोगात पोटात साचणाऱ्या पाण्यातल्या पेशींपासून नवी सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये सतत वाढत राहणारा पेशींचा वंश, उभी करायची तर तयारी वॉर्डपासून सुरू होते. एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या आणि संमतीपत्र फक्त मराठीत छापून थांबू नका. सोलापुरात पेशंट घरी तेलुगू बोलणारी असेल, अक्कलकोटकडची असेल तर कन्नड. तिन्ही भाषांतल्या प्रती हाताशी हव्यात. ‘तपासणीला पाणी काढतोय’ एवढ्यावर भागवू नका. या पेशी वर्षानुवर्षं वाढत राहतील, दुसऱ्या संशोधकांकडेही जातील, हे तिच्याजवळ बसून सांगा.

संमती मिळाली की त्याच दिवशी तिच्या रक्ताची एक ट्यूब घेऊन गोठवा. यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम मी हेच मानते. पेशी तिच्याच आहेत हे एसटीआर प्रोफाइलवरून, म्हणजे डीएनएच्या ठशावरून, दाखवताना जुळवणी या रक्ताशी करायची असते. हा आजार बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात कळतो. रक्त नंतर मागायला जाल तेव्हा ती असेलच असं नाही.

पाण्यासाठी हेपरिन घातलेली निर्जंतुक बाटली लागेल, नाहीतर गुठळ्या होतात. मे महिन्यात इथला पारा चाळिशीपार असतो, म्हणून आइसबॉक्सशिवाय नमुना वॉर्डबाहेर काढू नका. आरपीएमआय हे पेशींचं पोषक द्रावण (मीडियम), त्यात दहा टक्के सीरम, ३७ अंशांचा इन्क्युबेटर, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड हे नेहमीचंच. जास्तीचा सिलिंडर आणि वीज गेल्यावरची सोय मात्र आधी तपासा.

सुरुवातीला फ्लास्कमध्ये लांबट, चातीसारखे फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या साध्या पेशी) झपाट्याने पसरतात आणि कर्करोगाच्या पेशींची बेटं मधे अडकतात. ट्रिप्सिन हे पेशी सुट्या करणारं विकर थोडाच वेळ ठेवा: फायब्रोब्लास्ट आधी सुटतात, ते काढून टाका, बेटं तशीच राहू द्या. याला चिकाटी लागते. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची पीसीआर चाचणी ठरलेल्या वेळी हवीच. त्याने मीडियम गढूळ होत नाही, आणि पेशीभित्तीच नसल्याने पेनिसिलिनचा उपयोग नाही.

ओळख पटवायला पॅक्स८, डब्ल्यूटी१, सायटोकेराटिन ७ ही ओळख सांगणारी प्रथिनं, कॅरिओटाइप (गुणसूत्रांचा नकाशा), पेशींच्या दुपटीचा काळ आणि सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाला मिळणारा प्रतिसाद पाहा. हाय-ग्रेड सीरस हा आक्रमक प्रकार असेल तर टीपी५३ या जनुकाचं सिक्वेन्सिंग टाळू नका. त्या प्रकारात या जनुकातला बदल जवळजवळ सगळीकडे सापडतो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसकेओव्ही३ आणि ए२७८० या लाइन जनुकीय पातळीवर त्या प्रकाराशी फारशा जुळत नाहीत, हे २०१३ साली दाखवलं गेलं. म्हणून तर नव्या लाइनचा खटाटोप.

सुरुवातीच्या पॅसेजच्या (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेरीच्या) व्हायल डीएमएसओ या गोठताना पेशी जपणाऱ्या द्रवात गोठवून दोन वेगळ्या नायट्रोजन टाक्यांत ठेवा. लेबलवर नाव नको, फक्त कोड, पॅसेज क्रमांक आणि तारीख.