पपईवरील लाल कोळी आणि त्याला खाणारा परभक्षी कोळी

फेब्रुवारी संपत आला की खानदेशातील पपईच्या बागांत खालची पाने ठिपकेदार, पिवळट दिसू लागतात आणि त्यांच्या मागच्या बाजूला बारीक जाळी धरते. पानांतील रस शोषणारी ही बारीक कीड म्हणजे लाल कोळी, आणि ती बहुतेक बागायतदार ओळखतात. मात्र त्याच पानावर त्याला खाणारा परभक्षी कोळीही असू शकतो, हे न पाहताच पंप पाठीवर चढतो.

म्हणून औषध आणण्यापूर्वी दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन बागेच्या निरनिराळ्या भागांतील, विशेषतः रस्त्याकडेच्या धुळीने माखलेल्या झाडांची पाने उलटी करून शिरांच्या कडेने तपासावीत. लाल कोळी जाळीत संथपणे वावरतो आणि त्याची अंडी मण्यासारखी गोल असतात. परभक्षी कोळी जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा, चकचकीत व लांब पायांचा असून पान उलटताच पळत सुटतो. त्याची अंडी लांबट असतात. केवळ रंगावर जाऊ नये, कारण भक्ष्य खाल्ल्यावर त्याचेही अंग तांबूस दिसते.

आपल्याकडे आढळणारी परभक्षी कोळ्यांतील महत्त्वाची जात म्हणजे निओसियुलस लाँगिस्पायनोसस. उबदार हवेत ती अंड्यापासून सुमारे आठवडाभरात प्रौढ होते, त्यामुळे भक्ष्य असेल तर तिची संख्या झपाट्याने वाढते. सफरचंदाच्या बागांत दहा किडींमागे एक परभक्षी दिसल्यास फवारणी थांबवून वाट पाहावी, असा ढोबळ ठोकताळा आहे. पपईतही सुरुवातीचा अंदाज घेण्यास तो चालावा, पण जाळी शेंड्याकडे सरकत असेल तर त्यावर विसंबू नये.

खरी अडचण बहुधा आपल्याच फवारणीतून उद्भवते. विषाणू पसरवणाऱ्या माव्यासाठी मारलेली सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधे परभक्षी कोळ्याला मारतात आणि लाल कोळी उलट वाढतो. भुरी रोगासाठी वारंवार वापरलेले गंधकही परभक्षी कोळ्याला त्रासदायक ठरते. कोळीनाशक घ्यावेच लागले, तर पपईसाठी शिफारस असलेल्यांपैकी परभक्ष्यांना कमी घातक असलेले निवडावे आणि जाळी धरलेल्या झाडांपुरतेच फवारावे.

परभक्षी भरपूर असलेली पाने सायंकाळी तोडून, किडीचा प्रादुर्भाव नुकताच सुरू झालेल्या झाडांच्या देठांत अडकवावीत. हे काम कडक उन्हाळा सुरू होण्यापूर्वी उरकावे, कारण कोरड्या हवेत परभक्ष्यांची अंडी सुकतात. आळ्यात आच्छादन व नियमित पाणी ठेवावे, रस्त्यावर पाणी मारून धूळ दाबावी आणि आठवड्याने तीच पाने पुन्हा भिंगाखाली पाहावीत.