फी भरण्याआधी विचारा: हे क्रेडिट चालणार कुठे?

कॅलिफोर्नियात नवीन आलेल्या मैत्रिणींचा फोन आला की थोड्या वेळात विषय निघतोच, "ताई, युनिव्हर्सिटीचा एखादा सर्टिफिकेट कोर्स करावा म्हणते." जरूर करा. एच-४ वर, म्हणजे नवरा-बायकोपैकी एकाच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर, नोकरीची परवानगी नसली तरी शिकायला आडकाठी नाही, आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांनाही नोकरी सांभाळून शिकता येतं. पण मी दर वेळी आधी एकच विचारते: या क्रेडिटचं, म्हणजे कोर्स पूर्ण केल्यावर खात्यात जमा होणाऱ्या युनिटचं, पुढे काय करणार आहात? बहुतेक जणींकडे याचं उत्तर तयार नसतं. माझ्याकडेही नव्हतं.

२००८ साली मी प्रीस्कूलमध्ये शिकवायचं ठरवलं. इथे त्यासाठी राज्याच्या परवाना नियमांप्रमाणे बालविकास आणि त्याच्याशी संबंधित ठरावीक विषयांची १२ सेमिस्टर युनिट लागतात (सेमिस्टर म्हणजे साधारण १५ आठवड्यांचं सत्र). मी "१२ युनिट" एवढंच ऐकलं. चार-चार युनिटचे तीन कोर्स घेतले, रात्री मुलगी झोपल्यावर अभ्यास केला, तिन्हींत ए मिळवला आणि ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे कॉलेजचं गुणपत्रक, घेऊन नोकरी मागायला गेले. तिथल्या संचालिकाबाईंनी कागद नीट वाचला आणि हळू आवाजात सांगितलं, "ही क्वार्टर युनिट आहेत. सेमिस्टरच्या हिशेबात यांची आठच होतात." क्वार्टर म्हणजे सेमिस्टरहून लहान सत्र, त्याचं युनिटही लहान. मला १८ क्वार्टर युनिट हवी होती. आणखी दोन कोर्स, म्हणजे सहा महिने आणि पुन्हा फी. कॉलेजची काहीच चूक नव्हती, ट्रान्स्क्रिप्टवर सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. मला ते वाचायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

म्हणून हा हिशेब पाठच करून ठेवा. क्वार्टर युनिटला दीडने भागलं की सेमिस्टर युनिट मिळतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे बर्कली आणि मर्सेड हे कॅम्पस सेमिस्टरवर चालतात, बाकीचे बहुतेक क्वार्टरवर. कम्युनिटी कॉलेजं बहुतेक सेमिस्टरची, पण बे एरियात आपले लोक जिथे जास्त जातात ती डी अँझा आणि फूटहिल ही दोन्ही क्वार्टरची आहेत. क्वार्टरचं शिक्षण हलकं असतं असा याचा अर्थ नाही. केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे एक सेमिस्टर क्रेडिट म्हणजे साधारण १५ आठवडे, दर आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर किमान दोन तास काम. क्वार्टर १० ते १२ आठवड्यांचा, म्हणून त्याचं क्रेडिट त्या प्रमाणात लहान. यावरून वेळेचाही अंदाज येतो. तीन युनिटचा कोर्स म्हणजे आठवड्याचे नऊ तास. घरात तान्हं मूल असेल तर पहिल्या सत्रात एकच कोर्स घ्या, असं मी आग्रहाने सांगते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: सगळी क्रेडिटं एका जातीची नसतात. युनिव्हर्सिटीच्या एक्स्टेंशन विभागात, म्हणजे बाहेरच्या आणि नोकरदार लोकांसाठी कोर्स चालवणाऱ्या विभागात, काही कोर्स पदवीच्या तोडीचे असतात आणि त्यांचं क्रेडिट पुढे दुसऱ्या कॉलेजात धरलं जाऊ शकतं. काही व्यावसायिक पातळीचे असतात. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) एक्स्टेंशनमध्ये त्यांचा क्रमांक बहुधा ४०० च्या घरात असतो. ग्रेड मिळते, ट्रान्स्क्रिप्टवर दिसते, नोकरीसाठी उत्तम, पण पदवीत ते धरले जातीलच असं नाही. तिसरी जात सीईयूची, म्हणजे कंटिन्युइंग एज्युकेशन युनिटची. दहा तासांच्या शिक्षणाला एक सीईयू मिळतं. ते परवान्याच्या नूतनीकरणाला उपयोगी पडतं, पण त्याचं पदवीचं क्रेडिट होत नाही. तिन्हींच्या शेवटी हातात येणारा कागद मात्र सारखाच देखणा असतो, त्यावर त्याच युनिव्हर्सिटीचं नाव असतं, आणि नवीन माणूस फसतो तो इथेच.

क्रेडिट चालणार की नाही हे देणारा ठरवत नाही, घेणारा ठरवतो. शिकवणाऱ्या संस्थेचा सल्लागार मनापासून सांगेल, "हो, ट्रान्सफर होतात." पण पुढे जिथे प्रवेश घ्यायचाय तिथल्या प्रवेश कार्यालयाला, किंवा परवाना देणाऱ्या बोर्डाला, कोर्सच्या नावा-क्रमांकासकट ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. आपल्याकडच्या बी.कॉम. झालेल्या कितीतरी जणी सीपीएसाठी, म्हणजे इथल्या सीएच्या परवान्यासाठी, अकाउंटिंगचं सर्टिफिकेट करतात. तिथला जुना नेम १५० सेमिस्टर क्रेडिटचा. अलीकडे कॅलिफोर्नियासह बऱ्याच राज्यांनी त्याला दुसरे मार्ग काढले आहेत, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी सीपीए झालेल्या वहिनींचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. आधी भारतातल्या पदवीचं मूल्यमापन करून घ्या, तेही बोर्डाने मान्य केलेल्या संस्थेकडून आणि विषयवार. किती क्रेडिट कमी पडतात आणि कोणत्या विषयात, हे कळलं की मग कोर्स निवडा. हा क्रम उलटा झाला की पैसे वाया जातात.

आता ग्रेड. साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं असतं. इथे शंभरातले साठ म्हणजे बहुतेक वर्गांत डी. नव्वदच्या पुढे ए, ऐंशीच्या पुढे बी, सत्तरच्या पुढे सी, अशी साधारण विभागणी असते. पेपर इथे सोपे असतात असं मात्र समजू नका. मार्क अनेक लहान कामांतून जमत जातात: आठवड्याच्या असाइनमेंट, चर्चेतला सहभाग, क्विझ, प्रकल्प. शेवटच्या महिन्यात रात्रंदिवस बसून भरून काढता येत नाही, कारण तोवर निम्मे मार्क वाटून झालेले असतात. पहिल्या दिवशी मिळतो तो सिलॅबस करारासारखा वाचा. कशाला किती टक्के, उशिरा दिलं तर किती कापतात, किती गैरहजेरी चालते, सगळं त्यात असतं. वाद झालाच तर प्रोफेसर आणि तुम्ही, दोघं त्याच कागदाकडे बोट दाखवणार.

सर्टिफिकेटसाठी सरासरी आणि प्रत्येक कोर्सची किमान ग्रेड या दोन वेगळ्या अटी असू शकतात. समजा सारख्या युनिटच्या तीन कोर्सांत दोन ए आणि एक डी आला. ए चे चार पॉइंट, डी चा एक, सरासरी बरोबर तीन. आकडा छान दिसतो, पण प्रत्येक कोर्सला किमान सी हवा असेल तर तो डी चा कोर्स धरला जाणार नाही. पदवीनंतरच्या ग्रॅज्युएट सर्टिफिकेटला तर बहुधा बी ची सरासरी लागते.

कोर्स "पास/नो पास" किंवा ऑडिट (नुसतं वर्गात बसून ऐकणं) म्हणून घेण्याची सोय असते. मनावरचा ताण कमी होतो, म्हणून मोह होतो. पण बहुतेक सर्टिफिकेटना अक्षरी ग्रेडच लागते, आणि ऑडिटला तर क्रेडिटच नसतं. कंपनी फी परत देणार असेल तरीही आधी विचारा. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची अशी मदत करमुक्त असू शकते, पण बऱ्याच कंपन्या ठरावीक ग्रेड आल्याशिवाय पैसे देत नाहीत. "पास" एवढंच लिहिलेलं त्यांना पुरेसं होत नाही.

आजारपण येतं, भारतातून वाईट बातमी येते, तिकीट काढून निघावं लागतं. अशा वेळी न सांगता वर्ग सोडू नका. सुरुवातीच्या मुदतीत कोर्स ड्रॉप केला तर ट्रान्स्क्रिप्टवर खूण राहत नाही आणि बरीचशी फी परत मिळते. त्यानंतर डब्ल्यू, म्हणजे कोर्स मधेच सोडल्याचा शेरा, येतो. तो सरासरीत धरत नाहीत, त्याची भीती बाळगू नका. बहुतेक काम झालेलं असेल तर इनकम्प्लीट, म्हणजे "काम अपुरं" असा तात्पुरता शेरा, मागता येतं, पण प्रोफेसरशी बोलून, आणि उरलेलं काम ठरलेल्या तारखेला दिलं नाही तर बहुतेक ठिकाणी त्याचा एफ, म्हणजे नापास, होतो. काहीच न कळवता गायब झालेल्यांना थेट एफ मिळतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर कोर्स सोडण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाच. पूर्णवेळेपेक्षा कमी क्रेडिटवर त्यांच्या मंजुरीशिवाय आलात तर व्हिसाचा दर्जाच जातो.

कॉलेजात आपण जर्नलं एकमेकींची पाहून पूर्ण केली, त्यात कोणाला काही वाटलं नाही. इथे मैत्रिणीचं उत्तर उतरवलं, किंवा इंटरनेटवरचा परिच्छेद संदर्भाशिवाय घेतला, तर प्रकरण थेट शिस्तपालन समितीकडे जाऊ शकतं. देणारीही तितकीच अडकते. मी एका हुशार, कष्टाळू मुलीला यात रडताना पाहिलंय. तिने नुसता नमुना म्हणून आपली फाइल पाठवली होती.

आणखी एक, खास आपल्या घरांसाठी. नवऱ्याने किंवा वडिलांनी फोन करून तुमच्या ग्रेडची चौकशी केली तर कार्यालय काही सांगणार नाही, मग फी कोणीही भरलेली असो. १९७४ च्या फर्पा या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याने तो हक्क विद्यार्थिनीचा आहे. स्वतः बोला. इंग्रजी अडखळलं तरी चालतं, तिथली माणसं ऐकून घेतात.

सगळे कोर्स झाले की सर्टिफिकेट आपोआप येईल असं धरून चालू नका. बहुतेक ठिकाणी त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि पहिल्या कोर्सपासून शेवटच्यापर्यंत वर्षांची मर्यादाही असते. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला. माहेरचं, सासरचं, मधलं वडिलांचं की नवऱ्याचं, यात एका अक्षराचा फरक पडला तरी पुढे दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं. आणि त्याच दिवशी ट्रान्स्क्रिप्टच्या दोन बंद प्रती मागवून ठेवा. पाकीट फोडू नका, फोडलेली प्रत बरीच कार्यालयं घेत नाहीत.