बंदुकीच्या गोळ्या मिळत नाहीत तेव्हा शिकारीचा सीझन कसा काढायचा

टेक्सासमध्ये हरणांच्या शिकारीचा सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आसपासच. २०२० ला चकलीची भाजणी मिळाली पण .३०८ चा, म्हणजे हरणाच्या रायफलीच्या गोळ्यांचा, एक बॉक्स मिळेना. कोविड, निवडणूक, नव्याने बंदूक घेणाऱ्यांची झुंबड, त्यात बंदुका-गोळ्या बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीचं दिवाळं. ९ एमएमची, म्हणजे पिस्तुलाची, गोळी आधी २० सेंटच्या आसपास पडायची ती ६०-७० वर गेली. २०१३ ला .२२ च्या छोट्या गोळीची अशीच बोंब होती, त्यामुळे हे परत होणार हे धरूनच चाला.

पहिलं काम म्हणजे घरात आहे ते मोजा. हरणासाठी अख्ख्या सीझनला दोन-तीन गोळ्या लागतात हो, बाकी सगळ्या आपण रेंजवर उडवतो. एक २० चा बॉक्स बाजूला काढा, वर टेप लावून 'हरीण' लिहा आणि त्याला हात लावू नका. स्कोपही (रायफलीवरची नेमाची दुर्बीण) त्याच बॉक्सच्या गोळ्यांवर सेट करा, कारण कंपनी बदलली की वजन तेच असलं तरी नेम दोन इंच सरकू शकतो.

स्कोप सेट करताना सगळ्यात जास्त गोळ्या वाया जातात. बोल्ट अॅक्शन (हाताने मागेपुढे करायच्या खिटीची रायफल) असेल तर बोल्ट काढा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवा, मागून नळीतून बघत २५ यार्डावरच्या टार्गेटचा मध्य नळीच्या बरोबर मधे आणा आणि मग रायफल तसूभर न हलवता स्कोपची फुली तिथं फिरवून आणा. अजून एकही गोळी गेलेली नाही बघा! आता २५ वर एक मारा आणि दुरुस्त करा, पण पाव एमओएच्या (एमओए म्हणजे कोनाचं बारीक माप) स्कोपचा एक क्लिक १०० यार्डाला पाव इंच असतो, म्हणजे २५ ला चौपट क्लिक लागतात, इथं सगळे फसतात. मग १०० वर तीन मारा आणि तिन्हींचा मध्य बघून फिरवा, एकेका गोळीमागे धावू नका.

सराव घरी करा. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, नेम पक्क्या भिंतीवर धरा, नळीवर नाणं ठेवा आणि ते न पाडता ट्रिगर दाबा. मी रोज दहा मिनिटं करतो, सुरुवातीला नाणं सारखं सोफ्याखाली जायचं. .२२ मात्र अशी रिकामी चालवू नका, फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते, डमी गोळी घाला. एअर रायफल असेल तर छर्रे स्वस्तात मिळतात, भारतात तर नेमबाज १० मीटर एअर रायफलवरच तयार होतात.

घाईत भलतं काही उचलू नका. .२२३ च्या रायफलीत तशीच दिसणारी लष्करी ५.५६ ची गोळी चालत नाही, आणि शॉटगनचं २० गेजचं (गेज म्हणजे नळीचं माप) पिवळं काडतूस १२ गेजवाल्या खिशात चुकूनही नको, ते नळीत आत जाऊन अडकतं आणि मागून १२ चं मारलं की नळी फुटते. एच-१बीवर असाल तर चालू हंटिंग लायसन्स वगैरे सवलत नसताना गोळ्या नुसत्या जवळ ठेवणंही फेडरल गुन्हा आहे, ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही.

आणि मिळतात तेव्हा महिन्याला एक बॉक्स घ्या, आपली पावसाळ्याची बेगमी असते तसं. अॅटिकमध्ये (छताखालच्या माळ्यावर) ठेवू नका, तिथं उन्हाळ्यात भट्टी होते, कपाटात रबरी सीलच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा आणि जुने आधी वापरा. माझ्याकडे एका बॉक्सवर अजून २०१९ च्या किमतीचं स्टिकर आहे, तो काही फोडवत नाही.